निळ्या मांजरींची टोपी

ठण्ण!

एवढ्या शांत दुपारी सुई पडली ती नेमकी फरशीवर. बरं, पडून गप्प बसेल तर ती सुई कसली! टणटणत, गडगडत ती थेट कपाटाखाली गेली, तिथे कशाला तरी आपटली आणि मगच स्वस्थ झाली. आतल्या खोलीत चादर हलली. मग एक जांभई. मग पावलांचा पटपट आवाज, आणि दारात डोळे चोळणारी, एका गालावर उशीची घडी उमटलेली ठकू.

"झाली मांजर?"

"नाही गं राणी. झोप अजून थोडी."

"किती झाली?"

"पाय झालेत."

"फक्त पाय?" ठकू जवळ आली आणि सुयांवर लटकणाऱ्या चिंधीवजा गोष्टीकडे वाकून बघत राहिली. "म्हणजे तिला अजून दिसत नसेल."

"नाही."

"मग ती घाबरली असेल," असं म्हणून ठकूने आईच्या मांडीवर बैठक मारली. आता झोप संपली होती आणि झोपेबरोबर विणकामही संपलं होतं. कारण मांडीवर मूल, हातात सुया आणि बोटांत दोन रंगांचे दोन धागे, ही तिन्ही कामं एकदम करायला माणसाला जेवढे हात लागतात तेवढे ठकूच्या आईला नव्हते. ती पोटावर आडवी होऊन कपाटाखाली हात घालायला लागली, तशी ठकू तिच्या पाठीवर बसली. तिथून चांगलं दिसतं म्हणे.

रविवारची दुपार होती. सोमवारी सकाळी टोपी लागणार होती. आणि टोपीला नुसते पाय होते.

टोपीचं हे प्रकरण मुळात सुरू झालं ते शाळेच्या दारात. आधीच्या आठवड्यात ठकू शाळेत गेली, म्हणजे दारापर्यंत गेली. आत फक्त तिचा एक बूट गेला. बाकीच्या ठकूने फाटकाचे गज दोन्ही हातांनी असे काही धरले, की शिपायाने, बाईंनी आणि आईने मिळूनही ते सुटेनात. शाळेच्या बाई समंजस होत्या. त्यांनी ठकूच्या आईला बाजूला घेतलं.

"रडणाऱ्या मुलांचं आम्हाला काही नाही हो. सगळीच रडतात. पण तुमची मुलगी रडताना भाषण करते. बाकीची मुलं ऐकतात, आणि त्यांना ते पटतं. आज अख्खा वर्ग दाराशी येऊन उभा होता."

"मग आता?"

"पुढच्या सोमवारी आणून बघा. नाहीच राहिली, तर एक वर्ष घरी राहू दे. काही बिघडत नाही."

बाईंचं काही बिघडत नव्हतं. बिघडत होतं ठकूच्या आईचं. ती रंगाच्या दुकानात रंग मिसळायच्या मशीनवर काम करायची. गिऱ्हाइकाने शेडकार्डावर बोट ठेवायचं, तिने पांढऱ्या डब्यात चार थेंब हे नि दोन थेंब ते सोडून नेमका तोच रंग काढून द्यायचा. ठकू झाल्यापासून ती घरी होती. रजेनंतर बिनपगारी रजा, बिनपगारी रजेनंतर मालकाची माणुसकी, असं करत करत आता माणुसकीही संपत आली होती. मालकाने फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, "ताई, सोमवारी आलात तर खुर्ची तुमची. मंगळवारी आलात तर माझ्या भाच्याची." भाचा सध्या मशीनवर बसत होता. त्याने कुणाच्या तरी दिवाणखान्याला खोकल्याच्या औषधाचा रंग देऊन ठेवला होता, तरी भाचा तो भाचाच.

सासूबाई घरात होत्या, पण त्यांच्या गुडघ्यांनी ठकूच्या मागे धावायला केव्हाच नकार दिला होता. शाळा सुटल्यावर हात धरून घरी आणीन, जेवू घालीन, झोपवीन, पण सकाळभर सांभाळणं माझ्याच्याने होणार नाही, असं त्यांनी कुठलाही आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. म्हणजे सगळं येऊन अडलं होतं ते फाटकाच्या त्या गजांवर.

त्या संध्याकाळी ठकूच्या आईने मुलीशी वाटाघाट केली. शहाण्या माणसाने कुणाशीही वाटाघाट करावी, पण चारही बाजूंनी आपलीच गरज असताना आणि समोरच्याला झोप आलेली नसताना करू नये. ठकूने विचार करून अटी घातल्या. टोपी पाहिजे. मांजरींची. मांजरी निळ्या पाहिजेत. डोक्याभोवती गोल गोल पळणाऱ्या.

"आणू की. बाजारात बघू."

"बाजारातली नको. तू केलेली."

"का गं?"

"बाजारातल्या टोपीत तू नसतेस ना," ठकू म्हणाली, आणि एवढं बोलून तिने पाणी मागितलं.

आता यावर कोण नाही म्हणेल? ठकूची आई हो म्हणाली. हो म्हणायला काय जातं, असं लोक म्हणतात. त्या लोकांनी टोपी विणून बघावी.

विणकाम तिला अगदीच येत नव्हतं असं नाही. ठकू पोटात असताना तिने एक स्वेटर घेतला होता विणायला. तो बाह्यांपर्यंत आला तोवर ठकू आली, आणि बाह्या राहिल्या त्या राहिल्याच. पण तो एकरंगी, सरळसोट. दोन रंगांत चित्र विणायचं म्हणजे निराळं काम. पिवळ्या जमिनीवर निळी मांजर काढायची तर दोन्ही धागे सतत बरोबर चालवावे लागतात. जो रंग पुढे नाही तो मागून वाहत न्यायचा, ना घट्ट, ना सैल.

सासूबाईंनी हे ऐकून चष्मा कपाळावर चढवला. त्यांच्या हातून आयुष्यात इतके स्वेटर झाले होते, की नात्यातल्या निम्म्या माणसांच्या माना त्यांच्या लोकरीने खाजत.

"एका रंगाची कर. ऐक माझं. दोन रंगांचं विणकाम म्हणजे एका स्वयंपाकघरात दोन सासवा. एक पुढे आली की दुसरीने मागे सरायचं, आणि मागे राहून रुसायचं नाही. जमतं का कुणाला?"

"पण तिला मांजरीच पाहिजेत."

"टोपीला मांजर लागत नाही, सूनबाई. डोकं लागतं."

हे शेवटचं वाक्य कुणाच्या डोक्याला उद्देशून होतं, याचा विचार ठकूच्या आईने मुद्दाम केला नाही.

खरं तर इथवर सगळं आवाक्यात होतं. बाजारात निळी लोकर होती, पिवळी होती. ती आणून मुकाट्याने विणायला बसली असती तर ही गोष्टही सांगावी लागली नसती. पण रंगाच्या दुकानातली बाई तयार रंगाची लोकर घेईल? मग शिंप्याने तयार सदरा घालून का फिरू नये? तिने पांढरी लोकर आणली. आपल्या हाताने रंगवणार, असं जाहीर केलं. बऱ्याच दिवसांत तिने काही जाहीर केलं नव्हतं. भाजीत मीठ कमी आहे आणि ठकूला शी झाली आहे, एवढ्याच घोषणा तिच्या वाट्याला येत होत्या.

घोषणा होताच सल्ले सुरू झाले. समोरच्या दारातल्या काकू पूर्वी इस्पितळात नर्स होत्या आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीचा शेवट पुरळात होतो यावर त्यांचा विश्वास होता.

"लोकर? पुरळ. रंग? पुरळच पुरळ. लहान मुलाची टाळू म्हणजे काय समजलीस!"

"मग काय करू, काकू?"

"खायचा रंग वापर. पोटात गेलेला चालतो, तो डोक्यावरही चालेल. आणि व्हिनेगर घाल, म्हणजे पक्का बसेल. पण वास घेऊ नकोस, घशात पुरळ येतं."

ठकूच्या बाबांनी लोकर रंगवण्याचे व्हिडिओ पाहिले. एक नाही, सगळे पाहिले. थंड देशांतले, गरम देशांतले, बायकांचे, पुरुषांचे, एक मेंढीपासून सुरुवात करणारा. पाहून झाल्यावर त्यांना खूप दमल्यासारखं झालं आणि ते झोपायला गेले. जाता जाता म्हणाले, "सोपं आहे गं."

सासूबाईंनी मोठं पातेलं द्यायला साफ नकार दिला. "माझ्या पातेल्यात लोकर शिजणार नाही," एवढंच म्हणून त्या पातेलं घेऊन आपल्या खोलीत गेल्या. पातेलं त्यांच्या पलंगाखाली राहिलं. शेवटी ठकूच्या आंघोळीच्या जुन्या पत्र्याच्या बादलीत रंगकाम झालं. घरभर व्हिनेगरचा असा वास भरला, की येणारं-जाणारं माणूस आधी नाक मुरडायचं आणि मग कुणाला बरं नाही, असं विचारायचं.

आणि इथे एक चूक झाली. साधी माणसं ही चूक करत नाहीत. ती करायला अनुभव लागतो. भिंतीचा रंग ओला असताना फिका दिसतो आणि वाळला की गडद होतो. मशीनवर बसून ठकूच्या आईने हे वाक्य हजारो वेळा म्हटलं असेल, "ओलं बघून घाबरू नका, वाळल्यावर एक घर चढेल." तिच्या हाडात ते मुरलं होतं. बादलीत लोकरीने छान गर्द निळा रंग धरला, शाईसारखा, आणि तिच्या मनातली दुकानदारीण म्हणाली, बास! आता काढ. वाळल्यावर अजून चढेल, काळी मांजर होईल. तिने लड घाईने बाहेर काढली.

लोकरीचं उलटं असतं. ओली लोकर गडद दिसते आणि वाळली की उतरते. हे ठकूलाही माहीत होतं, कारण तिची ओली चड्डी नेहमी जास्त निळी दिसायची. पण तिला कोण विचारतंय!

पिवळी लड बाल्कनीत वाळत घातली. निळीला जागा उरली नाही म्हणून ती गच्चीवर नेली आणि पाण्याच्या टाकीशेजारच्या नळीवर लोंबत ठेवली. ऊन होतं, वारा होता. टाकीचं झाकण एका बाजूने फुटलेलं होतं. ते बदलायचं असं इमारतीच्या सेक्रेटरींच्या मनात बरेच दिवस होतं. सेक्रेटरींच्या मनात पुष्कळ गोष्टी बरेच दिवस असत.

संध्याकाळी ती गच्चीवर गेली तर लड नव्हती. पक्ष्याने नेली असेल, की कुणी चोरली, की वाऱ्याने शेजारच्या छपरावर फेकली? तिने सगळीकडे वाकून बघितलं, फक्त टाकीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात गर्दी. सेक्रेटरी पायजम्यावर कोट चढवून हातात काचेचा पेला घेऊन उभे. पेल्यात पाणी, आणि पाणी निळसर. ठकूच्या आईने एकदाच बघितलं. ती रंगांची जाणकार होती, शेड ओळखायला तिला कार्ड लागत नव्हतं. हा रंग तिने स्वतःच्या बादलीत काढला होता.

"मला वाटतं, ते पाणी—" तिने सुरुवात केली.

"तुम्हाला वाटून उपयोग नाही, वहिनी," सेक्रेटरी म्हणाले. "कुणीही काही वाटून घेऊ नका. मी पाणी खात्याला फोन लावलाय."

"नाही, पण काल मी गच्चीवर—"

"गच्चीवर कुणी जायचं नाही! पुरावा आहे तिथे."

पाणी खात्यात सेक्रेटरींचा फोन उचलला गेला, हीच मोठी गोष्ट. पलीकडच्या माणसाने सांगितलं, की त्यांच्याकडे पाण्याच्या तक्रारी तीन प्रकारच्या असतात, गढूळ, वास येणारं आणि न येणारं. निळं त्यात बसत नाही. निळ्यासाठी मुख्य कार्यालय. मुख्य कार्यालयाने विचारलं, मीटरच्या आधी निळं आहे की नंतर? सेक्रेटरी म्हणाले, नंतर. त्यावर मुख्य कार्यालय म्हणालं, मीटरपर्यंत पाणी रंगहीन असतं आणि आमचं असतं. त्यापुढे ते तुमचं. ठेवला फोन!

सेक्रेटरींचा चेहरा पेल्यातल्या पाण्याच्या रंगावर गेला. त्यांनी इमारतीचं पाणी बंद केलं. टाकी उपसायला माणूस बोलावला. तोवर सगळ्यांनी खालच्या नळावरून बादल्या वाहायच्या. ठकूच्या आईने तोंडातून शब्द न काढता स्वतःच्या घरच्या वाहिल्या, समोरच्या काकूंच्या वाहिल्या, वरच्या मजल्यावरच्या, जिच्याशी ओळखही नव्हती त्या बाईच्याही वाहिल्या. लोक म्हणाले, किती गुणी आहे हो ठकूची आई! गुणी माणसाच्या पाठीत कळ आली होती आणि तिसऱ्या खेपेला तिने जिन्यात बसून मनात सेक्रेटरींना चार शब्द ऐकवले. निदान ऐकून तरी घ्यायचं होतं हो एखाद्या गुन्हेगाराचं!

दुपारी टाकी रिकामी झाली. सगळी इमारत गच्चीवर. टाकीतल्या माणसाने काठीच्या टोकावर काहीतरी लोंबतं, ठिबकतं, लांबलचक वर धरलं.

"शेवाळ आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"निळं?" काकू दोन पावलं मागे सरल्या. "ह्यानेच पुरळ येतं."

आणि आईच्या पदराआडून एक खणखणीत आवाज आला, "माझी मांजर!"

काकूंनी तोंडाला रुमाल लावला. "टाकीत मांजर पडली होती? आणि मी सकाळी चहा प्यायले!" वरच्या मजल्यावरच्या बाई भिंतीला टेकल्या. एक गृहस्थ जिन्याकडे धावले. तेव्हा कुठे ठकूच्या आईला बोलायला मिळालं, आणि तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. लोकर, बादली, खायचा रंग, नळी, झाकण, टोपी, शाळा, फाटक. पाच मिनिटांपूर्वी मेलेली मांजर प्यायलो असं वाटलेल्या माणसांना नुसती लोकर प्यायलो हे कळल्यावर इतकं बरं वाटलं, की कुणी रागावलंच नाही.

सेक्रेटरी तेवढे शिस्तीत बोलले. "वहिनी, गच्चीवर लोकर वाळत घालायची तर समितीची परवानगी लागते."

"समितीत कोण आहे?"

"सध्या मीच." त्यांनी लड काठीवरून उतरवून पिळली आणि तिच्या हातात दिली. "परवानगी आहे. पण टाकीपासून लांब."

त्या दिवसापासून टोपी घरची राहिली नाही, इमारतीची झाली. दार उघडलं की जिन्यातून प्रश्न यायचा, कुठवर आली? काकू दिवसातून दोनदा टोपीला हात लावून खरखरीतपणा तपासायच्या. सेक्रेटरींचं मत पडलं की मांजरीऐवजी नुसत्या रेघा असत्या तर जास्त भारदस्त दिसलं असतं.

लड वाळली तेव्हा ती गर्द नव्हती. निळी तरी होती का, यावरही दोन मतं झाली असती. आधीच लवकर काढलेला, कच्चा बसलेला रंग, त्यातून रात्रभर टाकीत मुक्काम. पिवळीही तिच्या त्याच शहाणपणाने फिकी उतरली होती. दोन्ही लडी शेजारी ठेवल्या की एक फिकट आणि दुसरी फिकट, एवढाच फरक. ठकूच्या आईला ते दिसलं. पण हातात वेळ नव्हता, तेव्हा गिऱ्हाइकाला सांगतात तेच तिने स्वतःला सांगितलं, "एकदा लागलं की उठून दिसेल."

ती विणत सुटली. ठकू झोपली की, ठकू न्हाणीघरात असली की, दूध तापेपर्यंत. एकदा दूध उतू गेलं आणि सासूबाई काही बोलल्या नाहीत, तेवढा एक घेर टोपीला भयंकर घट्ट पडला. मालकाचा फोन आला त्या ओळीत टाके असे आवळले गेले की सुई पुढे सरकेना. ठकू तिच्या दंडाला टेकून झोपून गेली त्या ओळी मात्र मऊ, सैल, सुरेख आल्या होत्या. पण त्या फार थोड्या होत्या.

शनिवारी टोपी पुरी झाली. सगळे जमले. ठकूने ती हातात घेतली, फिरवली, आत बघितलं, बाहेर बघितलं.

"मांजरी कुठे आहेत?"

"त्या काय. हे कान, ही शेपटी."

"लपल्यात?"

"जरा डोळे बारीक करून बघ," बाबा म्हणाले आणि स्वतः डोळे बारीक करून बघायला लागले. "दिसतात. म्हणजे, एकदा सांगितलं की दिसतात."

ठकूने डोळे बारीक केले. मग आणखी बारीक केले. मग ते मिटले, आणि त्यातून पाणी आलं. ती भाषण करत नव्हती. ते जास्त वाईट होतं.

"लपलेल्या मांजरी शाळेत कशा येतील?" ती हळूच म्हणाली.

ठकूच्या आईने टोपी घेतली, टोक शोधलं आणि ओढलं. उसवायला काहीच वेळ लागत नाही. सरसर सरसर टाके सुटत गेले आणि पुन्हा दोन लडी झाल्या, आता कुरळ्या. मग ती न्हाणीघरात गेली, दार लोटून पालथ्या बादलीवर बसली, आणि नळ सोडून तशीच बसून राहिली. कितीतरी दिवसांत ती एकटी अशी बसली नव्हती. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण रडायलाही थोडी ताकद लागते. तिला नुसती झोप आली.

दारावर टकटक झाली. "उघड."

सासूबाई उभ्या होत्या. त्यांच्या हातात मोठं पातेलं होतं.

"आण ती निळी. आणि ह्या वेळी तू शहाणपणा करू नकोस. पाणी नितळ होईपर्यंत बाहेर काढायची नाही. रंग लोकरीत गेला पाहिजे, पाण्यात राहता कामा नये. घाई म्हणजे घाई तुम्हा मुलींना!"

"तुमच्या पातेल्यात?"

"मग काय माझ्या चष्म्यात?"

दोघी शेगडीशी उभ्या राहिल्या. सासूबाई ढवळत होत्या, ठकूची आई नुसती भिंतीला टेकून बघत होती. पाणी निळं होतं, मग कमी निळं झालं, मग अगदी नितळ. लोकर काळ्याच्या अलीकडची, रात्रीच्या आभाळासारखी झाली. मध्येच सासूबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "मी तुझ्या नवऱ्याला पहिल्यांदा शाळेत सोडून आले तेव्हा घरी येऊन अख्खा गहू निवडला होता. नंतर कळलं, तो आधीच निवडलेला होता." एवढंच. पुन्हा त्या ढवळायला लागल्या.

तर अशा रीतीने आपण आलो रविवारच्या दुपारी, कपाटाखाली. सुई मिळाली. तिच्याबरोबर एक चमचा, ठकूचा हरवलेला मोजा आणि बाबांची जुनी किल्लीही मिळाली, पण त्या आनंदात कुणाला रस नव्हता. ठकूला समोरच्या काकूंकडे पाठवलं. काकूंनी तिला बँडेज बांधायला दिलं, आपल्याच हातापायांना. संध्याकाळी मालकाचा फोन. "उद्या येताय ना, ताई? भाच्याने एकाला मोतिया म्हणून जो रंग दिलाय, त्याची बायको इथे येऊन बसलीय. जात नाहीये."

"येते," ठकूची आई म्हणाली आणि पुढचे टाके पुन्हा आवळले.

पायांवर पोटं आली, पोटांवर पाठी, पाठींवर कान. आणि या खेपेला मांजरी दिसत होत्या! खोलीच्या त्या टोकावरून दिसत होत्या. पिवळ्या जमिनीवर गर्द निळ्या, एकीमागे एक. जेवणं व्हायच्या आत टोपी सुईवरून उतरली. ठकूच्या डोक्यावर ठेवली. आणि ती ठेवलेलीच राहिली. खाली सरकेना. बरणीवर झाकण ठेवावं तशी टाळूवर बसून राहिली.

"डोकं मोठं झालं का हिचं?" बाबांनी विचारलं.

"मागचे धागे आवळलेत," सासूबाई म्हणाल्या. "सांगितलं होतं, मागे राहणाऱ्याने रुसायचं नाही. तू इतकी घट्ट कशाला धरतेस गं सगळं?"

सासूबाईंनी टोपी पाण्यात बुडवली, हळूहळू चारी बाजूंनी ताणली आणि छोटं पातेलं पालथं घालून त्यावर चढवली. ओट्यावर टोपी घातलेलं पातेलं बघून ठकूने त्याला शुभ रात्री म्हटलं.

सकाळी टोपी ओलसर होती, पण डोक्यात शिरत होती. कानांवरूनही येत होती. ताणल्यामुळे मांजरींच्या माना लांब झाल्या होत्या आणि पायही. ठकू आरशासमोर बराच वेळ उभी राहिली.

"ह्या मांजरी नाहीत," ती म्हणाली. "घोडे आहेत."

तिने आरशात मान एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवली.

"घोडे पण चालतील," ठकू म्हणाली.

निघाल्या दोघी. जिन्यात काकूंनी टोपीच्या आत बोट घालून पुरळाची शक्यता तपासली आणि ती नाही असं नाइलाजाने मान्य केलं. सेक्रेटरींनी खिडकीतून बघितलं आणि रेघाच बऱ्या होत्या असा चेहरा करून हात हलवला. ठकू रस्ताभर बोलत होती. पुढचा घोडा मागच्याला काय सांगतो, मागचा का ऐकत नाही. तिचा हात आईच्या हातात होता, गरम आणि जरासा चिकट. आईच्या खांद्याला दुकानाची जुनी पिशवी होती आणि पिशवीत डबा. इतक्या दिवसांनी त्या पिशवीत लंगोटाऐवजी स्वतःचा डबा होता, आणि ती सारखी चाचपून बघत होती, काही राहिलं तर नाही ना.

फाटक आलं. गज आले. बाई बाहेर येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे वर्गातली मुलंही उभी राहिली, भाषण ऐकायला. ठकूने गजांकडे बघितलं. टोपी दोन्ही हातांनी खाली ओढली. आणि दोन्ही बूट घालून आत गेली.

ठकूच्या आईला वाटलं, आपण आता सुटलो. धावत सुटावं, बस पकडावी, त्या मशीनवर बसावं, कुणाचा तरी दिवाणखाना वाचवावा. पण पाय काही हलेनात. गजांवर हात आहेत असं तिच्या लक्षात आलं, आणि ते तिचेच होते. बाई हलकेच म्हणाल्या, "ठकूची आई, आता तुम्ही सोडा बरं."

तेवढ्यात ठकू वर्गाच्या दारातून परत आली. पळत नाही, चालत, काहीतरी राहिल्यासारखी. फाटकाशी आली आणि गजांमधून आईकडे वर बघत राहिली. टोपी भुवयांपर्यंत आली होती. डोळे कोरडे होते. तिला काही नको होतं, नुसतं एक समजत नव्हतं.

"आई, मी रडले होते तेव्हा तू थांबली होतीस ना?"

"हो गं."

"आता मी रडले नाही, तर तू का चाललीस?"